एथिक्सचं पत्र हातात नसताना सर्व्हे सुरू करू नकोस (उत्तर लांबलंय)

'एसटीएसमध्ये निवड झाली, पण एथिक्स कमिटीची मीटिंग पुढे गेली. गाइड म्हणतात तोवर सर्व्हे सुरू कर. करू का?' असं विचारलंयस. नको करूस. (एसटीएस म्हणजे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची एमबीबीएसच्या मुलांसाठीची दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती. एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी कॉलेजची समिती.) 2018 मध्ये मी सेकंड एमबीबीएसला होतो, मलाही हेच सांगितलं गेलं आणि मी ते केलं.

प्रोटोकॉल, सॅम्पल साइज वगैरे सांगत बसत नाही. निवड झाली म्हणजे ते तुला जमलंय.

माझा विषय होता, गरोदर बायका लोहाच्या गोळ्या खरंच घेतात का. कागदावर 180 दिवस, रोज एक. पाच गावांत 110 जणींना भेटायचं होतं. आयसीएमआरची यादी लागली, हातात दोन महिने, आणि कमिटीची जूनची बैठक कोरमअभावी रद्द. गाइड म्हणाले, "अध्यक्षांशी बोललोय, तोंडी हो आहे." मी दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडली.

त्या कमिटीच्या ऑफिसबद्दल काय सांगू! आधी म्हणाले बारा प्रती द्या. दिल्या. मग मराठी संमतीपत्राला भाषांतराचा दाखला हवा. तोही दिला. मग 'फाइल फिरतेय', हे तीन आठवडे. सगळ्या त्रुटी एकदम लिहून द्यायला काय जातं? शेवटी फाइल सापडली ती दुसऱ्याच विभागाच्या कपाटात.

पत्र आलं जुलैच्या अखेरीस. तोवर माझे 71 फॉर्म भरून झाले होते. मान्यता पत्राच्या तारखेपासून पुढे, मागच्या तारखेने मिळत नाही. म्हणजे 71 फॉर्म रद्दी. एका सिनिअरने सुचवलं, तारखा बदल, कोण बघतंय. खोटं कशाला बोलू, नवे फॉर्म काढून बसलोही होतो. पण अंगठा लावलेल्या संमतीपत्रांवर साक्षीदार म्हणून आशाताईंची सही होती आणि खाली त्यांनी स्वतः घातलेली तारीख. त्यांना खोटी तारीख घाला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

उरलेल्या दिवसांत 39 जणी झाल्या, मग टर्मिनल परीक्षा आली, रिपोर्टची मुदत गेली. सर्टिफिकेट नाही, तेव्हाचे वीस हजारही नाहीत. पैशाचं एवढं नाही. पण पेरणीचे दिवस सोडून त्या 71 जणी माझ्यासमोर अर्धा-अर्धा तास बसल्या होत्या. ऑफिस दिरंगाईचं होतंच, पण एसटीत मी बसलो होतो, क्लार्क नाही.

आता तू काय कर. (हा एका कॉलेजचा अनुभव आहे. यंदाच्या सूचना स्वतः वाच, दरवर्षी काहीतरी बदलतं.) क्लार्कशी हुज्जत घालू नकोस, कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना लेखी अर्ज दे आणि इनवर्ड नंबर घे. नुसती प्रश्नावली असेल, जोखीम किरकोळ असेल, तर एक्स्पीडायटेड रिव्ह्यू, म्हणजे जलद तपासणी, मागता येतो. त्याला पूर्ण बैठक लागत नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही सोय आहे. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही वाचलं नाही. मंजूर करायचं की नाही ते त्यांच्या हातात, पण माग तरी.

तोवर 'फक्त पायलट' सुद्धा नको. पायलट म्हणजे माणसांना प्रश्न विचारणंच. सर्व्हेचं एखादं फुकट सॉफ्टवेअर घे, त्यात फॉर्म तयार करून ठेव. आशाताईंबरोबर गावात नुसतं फिर, घरं ओळखीची होतील.

गाइडना 'सर, तुम्ही चुकताय' म्हणू नकोस. 'सर, रिपोर्टबरोबर मंजुरीपत्र जोडायचंय, तारीख मागेपुढे झाली तर अडचण येईल' एवढंच म्हण. माझं मत विचारशील तर तरीही ते ऐकत नसतील तर यंदाची एसटीएस सोड, पुढच्या वर्षी पुन्हा भर. काहींना हे टोकाचं वाटेल.

जाता जाता, तुझाही विषय गोळ्यांच्या जवळपासचा असेल तर 'गोळ्या घेता का' असं विचारू नकोस, सगळ्या हो म्हणतात. पाकीट दाखवायला सांग आणि उरलेल्या गोळ्या मोज, पण हे प्रोटोकॉलमध्ये आधी लिहिलेलं हवं. आणि सकाळी नऊच्या आत पोच, नंतर घराला कुलूप आणि सगळ्या शेतात.