आधी गिअरबॉक्स विचारा, कंपनी मागाहून

चतुर्थीच्या आधी नवी गाडी दारात हवी, असा बेत बऱ्याच घरांत दिसतो. या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त जणांनी एकच विचारलं आहे: कुठली कंपनी चांगली? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : डिचोली ते पणजी रोज जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर होतात. मारुती स्विफ्ट, होंडा अमेझ, ह्युंदाई आय-20 आणि स्कोडा स्लाविया यांवरून घरात वाद आहे. मला कटकट नको, यजमानांना चालवायला मजा हवी, सासऱ्यांना खर्च कमी हवा. गाडी ऑटोमॅटिकच घ्यायची आहे. (एक शिक्षिका, डिचोली)

ऑटोमॅटिक म्हटलंत ते बरं झालं, कारण खरा फरक तिथेच आहे. या चार गाड्यांतलं ऑटोमॅटिक एका जातीचं नाही.

स्विफ्टमध्ये एएमटी येतो. आतला गिअरबॉक्स साध्या मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम यंत्र करतं. स्वस्त, मायलेजला चांगला, दुरुस्तीला सोपा. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मानेला हलका हिसका बसतो आणि चढावर थांबून निघताना गाडी किंचित मागे येऊ शकते. अमेझमध्ये सीव्हीटी आहे. त्यात ठरावीक गिअरच नाहीत, दोन पुली आणि त्यांच्यात फिरणारा पोलादी पट्टा. गर्दीत लोण्यासारखी चालते, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. आय-20 च्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनालाही सीव्हीटीच, मात्र एन लाइन या तिच्या चपळ आवृत्तीतल्या 1.0 लिटर टर्बोला (हवा दाबून भरून ताकद वाढवलेलं इंजिन) 7 गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे आलटून-पालटून काम करणारे दोन क्लच. स्लावियात 1.0 टर्बोला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक, आणि 1.5 ला पुन्हा 7 गिअरचा ड्युअल क्लच. म्हणजे एकाच बिल्ल्याच्या, एकाच रंगाच्या दोन स्लाविया शोरूममध्ये शेजारी उभ्या असतील, पण पाच-सात वर्षांनी त्यांचा खर्च एकसारखा निघेलच असं नाही.

या ड्युअल क्लचमधला क्लच कोरडा असतो, तेलात बुडालेला नसतो. गिअर बदलायला तो फार चपळ, हायवेला सुख. पण पर्वरीच्या कोंडीत फूट-फूट पुढे सरकताना क्लच अर्धवट टेकलेल्या अवस्थेत घासत राहतो आणि उष्णता निघून जायला तेल नसतं. मग निघताना थरथर जाणवते, पुढे क्लचचा संच बदलावा लागतो. हे काम स्वस्त नाही आणि नाक्यावरच्या गॅरेजात होत नाही. घेतलीच तर सवय अशी लावा: पुढची गाडी दोन-तीन मीटर पुढे जाऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. एएमटीलाही हाच नियम. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे कोंडीत तो बिनघोर.

आता सासरेबुवांचा हिशेब. वर्षाला 18,000 किलोमीटर धरा. लिटरला 18 देणाऱ्या गाडीला 1,000 लिटर लागतील, 14 देणारीला सुमारे 1,285. लिटरला 100 रुपये धरले तर वर्षाला साडेअठ्ठावीस हजारांचा फरक पडतो. सर्व्हिसच्या बिलात एवढा फरक क्वचितच पडतो, तरी लोक भांडतात सर्व्हिसवरूनच. मारुती, होंडा, ह्युंदाईची सर्व्हिस दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाने, स्कोडाची 15,000 ला किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. तुमच्या धावण्याला पहिल्या तिघांची दोन वर्षांत तीन-चार वेळा होईल, स्कोडाची दोन-तीन वेळा. एका वेळचं बिल मोठं असूनही बेरीज वाटते तितकी लांब जात नाही.

बेरीज बिघडते ती सर्व्हिसबाहेरच्या सामानाने. म्हणून शोरूममध्ये बसून चहा पिण्यापेक्षा वर्कशॉपच्या स्पेअर काउंटरला जा आणि पाच वस्तूंचे भाव लिहून घ्या: पुढचा बंपर, एका बाजूचा हेडलॅम्प, बाजूचा आरसा, पुढचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), ब्रेक पॅडचा संच. आपल्या वाड्यांवरच्या रस्त्यांत समोरून बस आली की पहिला बळी आरशाचा. एलईडी हेडलॅम्प बहुधा सीलबंद असतो, कोपरा फुटला तरी पूर्ण बदलावा लागतो. दुसरा प्रश्न असा विचारा: हे सामान गोव्यातच आहे की बाहेरून मागवायचं, आणि किती दिवसांत? गाडी दहा दिवस उभी राहिली तर त्या दहा दिवसांचा रिक्षा-टॅक्सीचा खर्चही देखभालीतच मोजायचा. या एका बाबतीत मारुतीला तोड नाही.

आमचं मत: कटकट नको ही अट पहिली असेल तर अमेझ सीव्हीटी. 1.2 चं चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन, त्यात बिघडण्यासारखं थोडं. यजमानांचं पारडं जड असेल तर 1.0 ची स्लाविया टॉर्क कन्व्हर्टरसह घ्या आणि वाढीव वॉरंटी पहिल्याच दिवशी घ्या. मॅन्युअल चालणार असती तर मात्र स्विफ्ट सांगितली असती. सव्वानऊशे किलोच्या आसपासची हलकी गाडी, वळणावर लगेच तोंड फिरवते. मजेला दरवेळी टर्बो लागतो असं नाही.

प्रश्न : महिन्यातून दोन-तीनदा साखळी, केरी, चोर्ला घाटातून बेळगावला जातो. चालवायची हौस आहे, म्हणून जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय शोधतोय. मित्र म्हणतात, जर्मन गाडी म्हणजे पांढरा हत्ती. (साखळी)

मित्रांचं निम्मं खरं. पोलोचं भारतातलं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, पण गाडीची घडण अशी की चोर्ल्याच्या वळणांवर आजही ती हसवते. आरसीवरची (नोंदणी पुस्तकातली) तारीख पाहा. 2013 पासून आलेल्या जीटी टीएसआयमध्ये 1.2 टर्बो आणि तोच कोरडा 7 गिअरचा ड्युअल क्लच होता. 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर 1.0 टर्बो आणि 6 गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर किंवा मॅन्युअल आला. हौस कितीही असू द्या, पहिला प्रकार वर्कशॉपच्या लेखी नोंदींशिवाय घेऊ नका. दुसरा मॅन्युअलमध्ये मिळाला तर वेळ घालवू नका.

पाहायला जाताना सकाळी जा, इंजिन गार असताना. मालकाला आधीच सांगा, सुरू करून ठेवू नका. कूलंटची टाकी किमान खुणेच्या खाली असेल तर गळती शोधा. या इंजिनांत थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं असतं, त्याच्या जोडाशी सुकलेल्या कूलंटचे डाग दिसतात. 1.0 ला टायमिंगचा पट्टा आहे, साखळी (चेन) नाही, त्यामुळे पट्टा बदलण्याचा टप्पा गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहून किमतीत वळता करून घ्या. मग खराब रस्त्यावर 20 च्या वेगाने न्या. पुढून ठक-ठक आली तर लोअर आर्मचे रबरी बुश किंवा स्ट्रटचे (शॉक ॲब्सॉर्बरचे) माउंट गेले. ते बदलता येतात, फक्त भाव तसा पाडा. ड्युअल क्लच असेल तर चढावर ब्रेक सोडून हळू निघून पाहा. थरथर, हिसका, उशिरा पकड, यातलं एक जरी जाणवलं तरी नमस्कार करून परत या.

एक घाटासाठी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-4 ताजं असताना 230 अंशांच्या वर उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. आपल्या दमट हवेत दर 2 वर्षांनी ऑइल बदला, गाडी कितीही कमी धावलेली असो. उतरताना दुसरा गिअर, आणि ब्रेक सतत टेकवून न ठेवता दाबून सोडून.

प्रश्न : फोंड्याला घर, दुकान 4 किलोमीटरवर. डिझेल घेतली तर इंधन वाचेल ना? (फोंडा)

नाही. बीएस-6 डिझेलमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. ती जळायला इंजिन पुरेसं तापून साठच्या पुढच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. 4 किलोमीटरांत इंजिन धड तापतच नाही. मग फिल्टरचा दिवा लागतो, न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलात उतरतं. तुमच्यासाठी साधं पेट्रोल. घरी चार्जिंगचा पॉइंट बसवता येत असेल तर इलेक्ट्रिक त्याहून बरी, कारण छोट्या फेऱ्यांनी तिचं काही बिघडत नाही.

प्रश्न : घर हरमलला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. कुठल्या कंपनीचा पत्रा गंजत नाही? (पेडणे तालुका)

असा पत्रा कुणाकडेच नाही. हल्ली बहुतेक कंपन्या जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरतात, त्यामुळे दारं-बॉनेट लवकर सडत नाहीत. गंज सुरू होतो तो खाली: सायलेन्सर, सस्पेन्शनचे बोल्ट, ब्रेक डिस्क, बॅटरीची अर्थ वायर, एसीच्या कंडेन्सरचे पत्रे. तेव्हा कंपनी निवडताना हा मुद्दा सोडून द्या, पैसे पुढच्या कामांवर घाला.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची भोकं असतात. तांबडी माती आणि पालापाचोळा त्यांत बसला की पाणी दारात साचतं आणि पत्रा आतून खातो. प्लॅस्टिकचा केबल टाय घालून ती मोकळी करा, स्क्रू ड्रायव्हर नको, रंग खरवडतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतली आंब्या-फणसाची पानंही काढा. तिथला निचरा तुंबला की पाणी आत येतं, पायाखालची चटई ओली होते आणि लोक एसीला दोष देतात. गंजरोधक थर पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये, गाडी खालून धुऊन पूर्ण सुकल्यावर द्यायचा. कारागिराजवळ उभे राहा: ब्रेक, सायलेन्सर, रबरी बुश आणि ही निचऱ्याची भोकं यांवर फवारा जाता कामा नये. ओल्या पत्र्यावर थर दिला तर ओल आत कोंडते, त्यापेक्षा न दिलेला बरा.

सायलेन्सर मात्र आतूनही गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपात निघतं. फेरी छोटी असली की ते नळीतच साचतं. आठवड्यातून एकदा पाऊणएक तास सलग चालवा. बॅटरीच्या टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावा. गाडी धुऊन दोन-चार दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढू नका, मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला की झालं.

प्रश्न : रेंट-अ-कॅबला धावलेली तीन वर्षांची स्विफ्ट बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय. घ्यावी का? (मडगाव)

किलोमीटरला घाबरू नका, क्लचला घाबरा. भाड्याच्या गाडीवर दर दोन दिवसांनी नवा हात बसतो, त्यातला निम्मा आपल्या अरुंद चढ-उतारांना नवखा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये 30 च्या वेगाने नेऊन ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग नाही चढला तर क्लच संपला. गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबून पाहा, ओल किंवा वाळू लागली तर पाण्यात किंवा किनाऱ्यावर गेलेली आहे. चारही टायरच्या बाजूवर कोरलेल्या DOT क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे निघाले तर का, ते विचारा.

कागदांत एकच गोष्ट अडवते: व्यावसायिक नोंदणीची गाडी खासगीत बदलून, कर भरून, नवी आरसी हातात आल्यावरच पूर्ण पैसे द्या. भाड्याच्या गाडीची काळी नंबर प्लेट आणि 'नंतर करून देतो' हे शब्द एकत्र आले की थोडं टोकन ठेवून थांबा. हाच नियम सिंधुदुर्गातून एमएच-07 ची गाडी आणणाऱ्यांना. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आधी, सौदा नंतर. गाडी 12 महिन्यांहून जास्त गोव्यात ठेवायची असेल तर इथला नंबर आणि इथला रोड टॅक्स टळत नाही, तेव्हा तोही किमतीत धरूनच भाव करा.