33550336 ही संख्या परिपूर्ण आहे का? ती हर्षद संख्याही आहे का?

परिपूर्ण आहे, हर्षद मात्र नाही. 33550336 = 4096 × 8191, म्हणजेच 2¹² × (2¹³ − 1). युक्लिडच्या नियमानुसार 2ᵖ − 1 मूळ संख्या असेल, तर तिला 2ᵖ⁻¹ ने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तेवढीच भरते. तेव्हा प्रश्न उरतो 8191 मूळ आहे का एवढाच, आणि तो कागदावर दोन मिनिटांत सुटतो. 2¹³ − 1 चा कोणताही मूळ विभाजक 26 च्या पटीपेक्षा 1 ने जास्त असावा लागतो. 8191 चे वर्गमूळ 90 च्या थोडे पुढे आहे, म्हणून फक्त 53 आणि 79 तपासायचे. बाकी अनुक्रमे 29 आणि 54 उरते. झाले, 8191 मूळ आहे. 6, 28, 496, 8128 यांच्यानंतरची ही पाचवी परिपूर्ण संख्या. मधली उडी एवढी मोठी, कारण 2¹¹ − 1 = 2047 = 23 × 89; तिथे नियम लागू होत नाही.

हर्षद संख्या (हे नाव देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी दिलेले) आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते. इथे अंकांची बेरीज 28 येते, जी स्वतःच परिपूर्ण आहे, फार सुंदर योग! पण 28 ने भागायचे तर 7 ने भाग जायला हवा, आणि 4096 किंवा 8191 यांपैकी एकालाही 7 ने भाग जात नाही.

एक लक्षात ठेवा: हर्षद असणे दशमान पद्धतीतल्या अंकांवर अवलंबून आहे, परिपूर्ण असणे कोणत्याही लेखनपद्धतीवर नाही.