मोती सुरुंग शोधेल का?

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. आमचा मोती जमिनीत पुरलेलं हाड बरोबर हुडकून उकरून काढतो. त्यावरून मनात आलं, फौजेतला कुत्रा भूसुरुंग कसा ओळखतो? आणि मेटल डिटेक्टर असताना कुत्रा कशाला लागतो? – एक शिक्षक, ता. कोरेगाव

उत्तर : गुरुजी, नमस्कार. मशीन धातू शोधतं, कुत्रा सुरुंगातली स्फोटक दारू शोधतो. एम-१४ जातीच्या सुरुंगाचं अंग प्लास्टिकचं, धातू नावापुरता. उलट नियंत्रण रेषेवरच्या मातीत पुंगळ्या, किरचा, पत्र्याचे तुकडे इतके की मशीन सारखं कोकलत राहतं. कुत्र्याला त्या भंगाराचं सोयरसुतक नसतं. सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकासोबत थोडं डीएनटी नावाचं रसायन असतं. त्याची वाफ झिरपत वर येते, कुत्र्याला ती लागते आणि तो तिथेच बसतो. बसणं हीच खूण. उकरायला गेला तर तो गेलाच, शिवाय दोरीच्या दुसऱ्या टोकाचे आपणही. तेव्हा मोतीची जी हुशारी तुम्ही सांगता, ती आमच्याकडे पहिला दुर्गुण!

पण नाकाच्याही आधी एक गोष्ट लागते. मी पूंछकडे होतो तेव्हा माझ्याकडे लैला नावाची लॅब्रॉडॉर होती. तिथल्या उतारांवर पावसात माती घसरते आणि सुरुंगही मातीबरोबर खाली सरकतात. कागदावर एक जागा, सुरुंग भलतीकडेच. एका नाल्याकाठी आम्ही पट्टा तपासला, लैला कुठेच बसली नाही. तिथला एक म्हातारा गुज्जर बाबा दगडावर बसून बघत होता. म्हणाला, "साहब, इधर हम बकरी नहीं छोड़ते. दो बरसात पहले नाला इधर मुड़ा था, फिर भैंस का बच्चा उड़ गया." मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय. चूक माझी होती. ऊन डोक्यावर आलेलं, माती कोरडी ठक्क, लैला जीभ काढून धापा टाकत होती. धापा टाकणारा कुत्रा धड हुंगत नाही आणि कोरडी माती वास धरून ठेवते. दुसऱ्या दिवशी पहाटे, दव असताना, वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे वास तिच्या नाकाकडे येईल अशी, तिला सोडली. बाबाने काठीने दाखवलेल्या जागेपासून चार हातांवर ती बसली. खात्रीला दुसरा कुत्रा आणला, तोही तिथेच बसला.

तेव्हापासून गावात गेलो की आधी गुराख्याला विचारायचो : गवत कुठे कमरेइतकं वाढलंय? पायवाट उगाच वळसा का घेते? कंबोडियात गावकरी गवताला गाठ मारून किंवा फांद्या आडव्या टाकून धोका दाखवत. अफगाणिस्तानात रंगवलेले दगड असतात, लाल म्हणजे पुढे जाऊ नका, पांढरा म्हणजे जमीन साफ. तिथे १९८९ पासून सुरुंग काढायला कुत्रे आहेत.

कंबोडियातच मगावा नावाच्या आफ्रिकी उंदराने ७१ सुरुंग शोधले. २०२० मध्ये त्याला इंग्लंडच्या प्राणिसंस्थेचं सुवर्णपदक मिळालं. वजन सव्वा किलोच्या आसपास, अंगाखाली सुरुंग फुटायची भीती नाही. हे वाचलं तेव्हा आम्हा कुत्रेवाल्यांचा थोडा जळफळाटच झाला.

मोतीची हौस असेल तर कापडात हळकुंड बांधून अंगणात ठेवा, पुरू नका. हुंगून बसला तरच चेंडू द्या. पंजा मारला तर चेंडू खिशात.