मनस्तापाची भरपाई नंतर, आधी तो तडजोडनामा

सांगलीचे एक कंत्राटदार परदेशात रस्त्यांची कामे घेतात. त्यांनी लिहिले आहे: साइटवर सशस्त्र पोलीस आले, मुलाला आणि मॅनेजरला तीन दिवस डांबले आणि थकीत बिलाच्या एक तृतीयांश रकमेवर मिटवल्याच्या तडजोडनाम्यावर सही घेतली. आता दोन देशांमधल्या गुंतवणूक संरक्षण कराराखाली त्या सरकारकडून मनस्ताप आणि बदनामीचे शंभर कोटी मागता येतील का? अशी पत्रे बरीच येतात, आणि प्रत्येकात आकडा आधी असतो.

आकडा बाजूला ठेवा. सगळे ठरेल ते तडजोडनाम्यातल्या ‘यापुढे कोणताही दावा उरलेला नाही’ या ओळीवर. ती टिकली तर मनस्ताप राहू द्या, उरलेले बिलही गेले. ओमानच्या डेझर्ट लाइन कंपनीची येमेनमध्ये हीच गत झाली होती. कंपनीच्या अधिकाऱ्यांना धमकावले, अडकवले, मग तडजोडीवर सही. २००८ साली लवादाने ती सही दबावाखालची ठरवली, म्हणूनच पुढचा रस्ता उघडला. मनस्ताप व बदनामीपोटी मागितले होते ४ कोटी ओमानी रियाल, मिळाले १० लाख डॉलर.

तुम्ही मात्र सही करून साडेतीन वर्षे गप्प बसलात. मुलगा सुखरूप घरी आला त्या आठवड्यात दोन ओळींचा ई-मेल पाठवायला काय हरकत होती? समोरचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार. आता तरी उशीर नको. लगेच नोटीस द्या: कोणी डांबले, कधी, मसुदा कोणी आणला, वाचायला वेळ दिला का, आणि मिळालेली रक्कम तुम्ही बिलापोटी अंशतः जमा धरता. मागची तारीख टाकलेले पत्र बनवू नका. युरोप सिमेंट कंपनीचा तुर्कस्तानविरुद्धचा दावा २००९ मध्ये कागदपत्रे खरी न ठरल्याने बुडाला, वर खर्चही अंगावर आला.

लवाद मनस्तापाची भरपाई सहजासहजी देत नाहीत. लेमायर या गुंतवणूकदाराच्या युक्रेनविरुद्धच्या प्रकरणात (२०११) कसोटी घातली गेली: शारीरिक धमकी, बेकायदा अटक किंवा तशाच स्वरूपाची वागणूक हवी, त्यातून प्रकृती, मनःस्वास्थ्य किंवा पत ढासळलेली हवी, आणि दोन्ही गंभीर हवे. लेमायर यांना या मुद्द्यावर काहीच मिळाले नाही. तेव्हा मुलाचे त्या वेळचे डॉक्टरी कागद, दूतावासाशी झालेला पत्रव्यवहार, बँकेने कर्जाची मर्यादा कमी केल्याचे पत्र, हातची गेलेली टेंडरे गोळा करा. आज काढलेल्या सर्टिफिकेटला फारसे वजन नाही. मनस्तापाची मागणी पहिल्याच अर्जात वेगळी मांडा.

बाकीच्या गोष्टी त्या देशाशी झालेला करार पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. भारताने २०१६ नंतर असे बरेच करार संपवले. त्यांतले अनेक जुन्या गुंतवणुकीला पुढे १० किंवा १५ वर्षे संरक्षण देतात. तुमची यंत्रसामग्री तिथे कधी उतरली ती तारीख आणि कराराची प्रत पाठवा. भारत इक्सिडच्या (जागतिक बँकेच्या गुंतवणूक-वाद केंद्राच्या) कराराचा सदस्य नाही, त्यामुळे वाट बहुधा अनसिट्रालच्या (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या) लवाद-नियमांची असेल; त्याआधी बहुतेक करारांत काही महिने वाटाघाटीचे असतात, आणि ते नोटिशीपासून मोजले जातात.