पहिला अँप्लिफायर विकण्याआधी

भाऊ, बोर्ड जमला म्हणजे अँप्लिफायर झाला असं नाही. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. जानेवारीत कोमट लागणारा हीटसिंक, म्हणजे आयसीची (अँप्लिफायरच्या मुख्य चिपची) उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, तेव्हा हात लावू देत नाही. म्हणून हीटसिंक गरजेपेक्षा मोठाच घे आणि पेटीला वर-खाली दोन्हीकडे जाळी ठेव.

ट्रान्सफॉर्मर निवडताना घाई नको. १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर रेक्टिफाय केला, म्हणजे डायोड लावून एसीचा डीसी केला, की दोन्ही बाजूंना साधारण १६-१७ व्होल्ट येतात. टीडीए२०३० या अँप्लिफायरच्या आयसीची कमाल मर्यादा दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट. लाइनचा व्होल्टेज चढला की आयसी गेलाच समज. शिवाय बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला प्रत्येक आयसी अस्सल निघेल याचा भरवसा नाही, तपासूनच लाव.

नवीन सेट पहिल्यांदा सुरू करताना ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब मेन लाइनच्या सिरीजमध्ये लाव, म्हणजे सेटचा करंट बल्बमधूनच जाईल. बल्ब लख्ख पेटलेलाच राहिला तर लगेच बंद कर, कुठेतरी शॉर्ट आहे. लोखंडी पेटीला अर्थिंग हवंच हवं. ते सेट लोकांच्या घरी जाणार, तिथे लेकरं हात लावतात.

किमतीत स्वतःची मजुरी धर. ओळखीतल्यांना फुकट दुरुस्ती करायची असेल तर कर, पण मुदत आधीच सांग.