मराठी वेबसाइटवरील जाहिरातींतून खरोखर उत्पन्न मिळते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर आपल्या घरचा टॉवेलचा कारखाना आहे. चार महिन्यांपासून आपण मोबाईल फोनच्या बातम्यांची मराठी वेबसाइट चालवता आणि रोज आठ-दहा लेख टाकता. गूगल डिस्कव्हरच्या, म्हणजे फोनवर आपोआप लेख सुचवणाऱ्या, फीडमधून एकदा दोन दिवसांत 22 हजार वाचक आले आणि मग ओघ आटला. वेबसाइटवर जाहिराती लावून त्यांचे पैसे देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्स सेवेने ‘कमी मोलाचा मजकूर’ म्हणून अर्ज दोनदा नाकारला आणि आता कोणी तरी पैसे घेऊन मंजूर झालेले खाते द्यायला तयार आहे. या मार्गाने उत्पन्न मिळते का आणि पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे.

उत्पन्न मिळते, परंतु आपण निवडलेल्या विषयावर मिळणे कठीण आहे. मी जुळे सोलापुरात राहते आणि गेली सात वर्षे कांद्याचे बाजारभाव व उजनी धरणाचा पाणीसाठा देणारी लहानशी वेबसाइट चालवते. तिच्यातून घराचा किराणा आणि मुलाची फी निघते. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आधी पैशाची वाट समजून घ्यावी. आपले पान कोणी उघडले की त्याच क्षणी त्या जागेचा लिलाव होतो, आणि वाचक कोठे आहे, काय वाचतो आहे, त्याला काय विकता येईल हे पाहून जाहिरातदारांची बोली ठरते. जाहिरातदाराने गूगल अ‍ॅड्स या जाहिरात-खरेदीच्या सेवेतून 100 रुपये मोजले तर सरासरी 15 रुपये तेथेच वजा होतात, उरलेल्या 85 पैकी 80 टक्के वेबसाइटवाल्याला मिळतात, म्हणजे हाती 68 रुपये येतात. अ‍ॅडसेन्सने ही रीत 2024 पासून लागू केली आणि तेव्हापासून क्लिकऐवजी जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे मोजले जातात, पण 68 हा आकडा आधीही तोच होता. त्यामुळे वाटा वाढवणे आपल्या हातात नाही. बोली कोणत्या पानावर लागावी, एवढेच आपल्या हातात आहे. नव्या फोनची बातमी शेकडो ठिकाणी एकाच वेळी येते आणि ती वाचणारा बहुतेकदा काही विकत घ्यायला निघालेला नसतो. समजा, हजार वाचनांमागे 30 रुपये पडले, तर आपल्या त्या 22 हजार वाचकांचे 660 रुपये झाले असते. अ‍ॅडसेन्स 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही, हेही लक्षात घ्यावे.

फीडवर विसंबून राहू नये, असे मी कळकळीने सांगेन. एके काळी आरएसएस फीडमध्येच, म्हणजे वेबसाइटचे नवे लेख वाचकाकडे आपोआप पोचवणाऱ्या यादीतच, जाहिराती लावता येत असत. गूगलने 2007 मध्ये अशी फीड सांभाळणारी फीडबर्नर ही सेवा विकत घेतली, फीडसाठी अ‍ॅडसेन्स चालवले आणि 2012 मध्ये फीडमधले हे अ‍ॅडसेन्स बंद केले. पुढच्या वर्षी फीड वाचण्याचा गूगल रीडरही गेला. फेसबुकमध्येच लेख उघडून जाहिराती दाखवणारे इन्स्टंट आर्टिकल्स 2023 मध्ये थांबले, आणि त्यावर घर चालवणाऱ्यांना दुसरी वाट शोधावी लागली. डिस्कव्हरमध्ये पान दिसावे म्हणून निदान 1200 पिक्सेल रुंदीचे चित्र द्यावे आणि मोठे चित्र दाखवण्याची परवानगी पानात नोंदवावी, इतके आपण करू शकतो. कोणते पान कोणाला आणि किती दिवस दाखवायचे हे मात्र तेथील यंत्रणा ठरवते. त्या दोन दिवसांतल्या वाचकांपैकी आपल्या वेबसाइटचे नाव किती जणांच्या लक्षात राहिले असेल, याचा विचार करावा.

माझे सर्वांत जास्त वाचले जाणारे पान बातमीचे नाही. उजनीत सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि त्यातील सुमारे 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे पाणी, आहे. टक्केवारी फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची सांगतात, म्हणून उन्हाळ्यात उजनी ‘वजा’ होते आणि धरण कोरडे पडले असे वाटून लोक घाबरतात. वजा 30 टक्के म्हटले तरी धरणात जवळपास 47.5 टीएमसी पाणी असते. हे मी एका तक्त्यात मांडले आहे. दर उन्हाळ्यात ज्यांना पिकाचा किंवा बोअरचा निर्णय घ्यायचा असतो ते वेबसाइटचे नाव लक्षात ठेवून थेट येतात. ठिबक सिंचन, पाण्याच्या टाक्या आणि पंप विकणाऱ्यांना हाच वाचक हवा असतो, म्हणून त्या पानावर बोली चांगली लागते.

जाहिरात कोठे ठेवायची याचा धडा मला मोहोळ तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या दिरांनी दिला. कांद्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर पाहायला ते पान उघडत, वरची जाहिरात उशिरा येई, तक्ता खाली सरके आणि त्यांचा अंगठा नेमका जाहिरातीवर पडे. ‘तुझ्या पानावर भाव हाताला लागत नाही,’ असे ते म्हणाले. मी जाहिरातीची उंची आधीच राखून ठेवली आणि तक्त्याच्या वरची जाहिरात काढून टाकली. काही आठवडे उत्पन्न घटले, पण वाचक दिवसातून दोनदा येऊ लागल्यावर ते भरून निघाले. चुकून पडलेली क्लिक जाहिरातदाराच्या काही कामाची नसते, आणि अशा क्लिकचे पैसे नंतर वजाही होतात.

याहून मोठी चूक पहिल्या वर्षी घडली. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी आनंदाने वेबसाइटचा पत्ता टाकला आणि माझ्या भल्यासाठी सगळ्यांनी रोज जाहिरातींवर क्लिक करायला सुरुवात केली. तेव्हा मी ज्या कंपनीमार्फत जाहिराती घेत होते तिने महिनाभराची कमाई परत घेतली. नियम त्यांचाच बरोबर होता. घरच्यांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवावे.

आता आपल्या नाकारलेल्या अर्जाविषयी. ‘कमी मोलाचा’ म्हणजे भाषा वाईट असे नव्हे. जे इतरत्र जसेच्या तसे मिळते त्यात आपण काही भर घातली नाही, असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजी बातमीचा यंत्राने अनुवाद करून दिवसाला दहा लेख टाकत असाल, तर गूगलच्या शोधातही फटका बसेल, कारण केवळ क्रमवारीसाठी घाऊक मजकूर तयार करण्याविरुद्ध गूगलने मार्च 2024 मध्ये धोरण कडक केले आहे. मराठी ही आता अडचण राहिलेली नाही. अ‍ॅडसेन्स 2018 पासून मराठी पाने स्वीकारते.

ज्या विषयावर आपला अधिकार आहे तो आपण बाजूला ठेवला आहे, याची मला हळहळ वाटते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, तरीही हॉटेलसाठी 500 टॉवेल घेणाऱ्याला जीएसएम (दर चौरस मीटरमागे ग्रॅममधले वजन) म्हणजे काय, एकेरी आणि दुपदरी सुताने काय फरक पडतो, पहिल्या धुण्यात टॉवेल किती आटतो, रंग का सुटतो, हे मराठीत समजावून सांगणारे पान मला शोधूनही मिळालेले नाही. आपण हे लहानपणापासून पाहिले आहे. एकच टॉवेल दहा वेळा धुऊन प्रत्येक वेळी वजन आणि लांबी मोजून छायाचित्रांसह लिहिले, तर तसे पान दुसऱ्या कोणाजवळ नसेल. असे 25-30 लेख झाले की फोनच्या बातम्या काढून टाकून पुन्हा अर्ज करावा. ‘आमच्याविषयी’, संपर्क आणि गोपनीयता धोरण ही पाने नीट लिहावीत आणि खाते सुरू झाल्यावर ads.txt ही, आपल्या जागा कोण विकू शकतो हे सांगणारी, फाइल वेबसाइटवर ठेवायला विसरू नये.

अशा पानांवर केवळ लिलावाच्या भरवशावर राहण्याचीही गरज नसते. माझ्या कांद्याच्या तक्त्याखालची जाहिरातीची पट्टी मी एका बियाणे विक्रेत्याला ठरलेल्या मासिक रकमेला देते, आणि ती एकटी पट्टी लिलावाच्या बाकी सगळ्या जागांहून अधिक देते. सूत, रंग आणि यंत्रमागाचे सुटे भाग विकणारे आपल्या ओळखीचेच असतील. त्यांच्याशी बोलावे, पावती द्यावी, पट्टीवर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे आणि दुव्याला प्रायोजित अशी खूण करावी.

विकत मिळणारे खाते मात्र घेऊ नका. खाते ज्याच्या नावावर आहे त्याचाच पत्ता तपासला जातो. 10 डॉलर जमले की पिन, म्हणजे पत्ता पडताळण्याचा क्रमांक, असलेले पत्र टपालाने त्या पत्त्यावर जाते, आणि पैसे आपल्या बँकेत यायचे असतील तर नाव जुळावे लागते. परक्याच्या नावाचे खाते बंद पडले तर दाद मागायलाही आपला हक्क राहत नाही. स्वतःच्या नावाने, आधार आणि बँक पासबुकावर आहे तसेच नाव आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता भरून अर्ज करा. आमच्याकडे घर क्रमांक लिहायचा राहिला म्हणून पहिले पत्र परत गेले होते. दुसरे आले तेव्हा पोस्टमनकाका दारात थांबून विचारत होते की हे परदेशातून कशाचे आले.