भावोजी आणि त्यांचा 'एकटाच खरं बोलणारा'

प्रश्न: ताईचे मिस्टर न्यू जर्सीला असतात, आयटीत चांगल्या पोस्टवर. हल्ली फॅमिली ग्रुपवर सारख्या अ‍ॅलेक्स जोन्सच्या (सगळीकडे सरकारी कट शोधणारा अमेरिकन शोवाला) क्लिपा टाकतात, पेपर-टीव्हीवाले सगळे विकले गेलेत, हा एकटाच खरं बोलतो म्हणे. मी म्हटलं, अहो त्याला कोर्टाने दंड ठोकलाय ना? तर म्हणाले, "तेच तर! खोटा असता तर एवढा कशाला छळला असता?" यावर काय बोलायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: भावोजींचं गणित मस्तंय, दंड नाही झाला तर जोन्स खरा आणि झाला तर अजूनच खरा. यावर वाद घालून उपयोग नाही, नुसतं केसमधे काय झालं ते सांगा.

१४ डिसेंबर २०१२ ला कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत गोळीबारात २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. जोन्सचं 'इन्फोवॉर्स' (त्याचा शो आणि साइट) कितीतरी वर्षं सांगत राहिलं की हे सगळं नाटक, लोकांच्या बंदुका काढून घ्यायला सरकारनेच रचलेलं, आणि रडणारे आईबाप म्हणजे अ‍ॅक्टर. ऐकणाऱ्यांनी ते खरं धरून आईबापांना धमक्या दिल्या, एका बापाला तर पुन्हा पुन्हा घर बदलावं लागलं. पोटचं पोर गेलंय आणि वर ते होतं हे सिद्ध करत बसायचं!

शेवटी आईबापांनी टेक्सास आणि कनेटिकटमधे त्याच्यावर बदनामीचे दावे लावले. ऑगस्ट २०२२ मधे टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या कोर्टात जोन्स स्वतः शपथेवर म्हणाला, ते शंभर टक्के खरं घडलं. आणि छळ म्हणाल तर, मागितलेली कागदपत्रं त्याने दिलीच नाहीत म्हणून दोन्ही राज्यांत केस त्याच्या विरोधात गेली, ज्युरीने फक्त भरपाई किती ते ठरवलं. कनेटिकटच्या ज्युरीने ९६.५ कोटी डॉलर सांगितले.

आता धंदा बघा. सरकार पाण्यात काहीतरी मिसळतंय म्हणून घाबरवायचं आणि त्याच साइटवर वॉटर फिल्टर, व्हिटॅमिनच्या बाटल्या विकायच्या. २०१८ मधे काही दिवशी एकेका दिवसात आठ लाख डॉलरची विक्री झाल्याचं कोर्टात आलं. डॉक्टर, पेपर, कोर्ट कुणावरच भरवसा उरला नाही की गिऱ्हाईक जाणार कुठे?

एक मात्र करू नका, पेपरवाले चुकतच नाहीत असं म्हणू नका. २००३ च्या युद्धाआधी इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत असं मोठमोठ्या पेपरांनीही छापलं होतं आणि ते खोटं निघालं, भावोजींचा राग अगदीच हवेतला नाही. पण 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २००४ मधे आपलं कव्हरेज कमी पडलं हे स्वतःच छापलं, कुणी कोर्टात खेचलं म्हणून नाही. हे ग्रुपवर नको हं, चारचौघांत कुणी माघार घेत नाही. फोन करा, आणि पुढच्या क्लिपमधे मधेच काय विकायला येतं तेवढं बघायला सांगा.